अनोळखी पाहुणा

(घरातील संगणकात कधी कधी आपण न ठेवलेल्या फाइली दिसतात. त्या कोठून आल्या, त्या कामाच्या आहेत की घातक, हे चटकन कळत नाही. अशा वेळी न घाबरता आणि उतावीळपणा न करता चौकशी कशी करावी, हे या पाठात उदाहरणांसह सांगितले आहे.)

दारावर एखादा अनोळखी माणूस आला, तर आपण काय करतो? आपण त्याला एकदम आतल्या खोलीत नेऊन बसवत नाही आणि काठी घेऊन त्याच्या अंगावरही धावून जात नाही. आपण दारातच विचारतो, "आपण कोण? कोठून आलात? कोणाकडे काम आहे?" त्याचे उत्तर ऐकून मग पुढे काय करायचे ते ठरवतो.

संगणकात अनोळखी फाइल दिसली, तर नेमके असेच वागायला हवे. पण पुष्कळ जण तसे वागत नाहीत. काही जण कुतूहलापोटी ती फाइल लगेच उघडतात. काही जण घाबरून ती लगेच पुसून टाकतात. पहिल्या चुकीमुळे चोर घरात शिरतो. दुसऱ्या चुकीमुळे कधी कधी घरचाच माणूस बाहेर घालवला जातो.

नाव आणि आडनाव

संगणक म्हणजे एक मोठे दप्तर आहे. जुन्या काळी दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवत. संगणकात माहिती फाइलींमध्ये ठेवतात. प्रत्येक फाइलीला नाव असते. नावानंतर एक टिंब असते आणि टिंबापुढे दोन-चार अक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे जणू फाइलीचे आडनाव! इंग्रजीत त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आडनावावरून फाइलीचा प्रकार कळतो. 'जेपीजी' असेल तर ते छायाचित्र असते. 'एमपीथ्री' असेल तर ते गाणे किंवा आवाज असतो. 'पीडीएफ' असेल तर तो छापील पानासारखा कागद असतो. 'ईएक्सई' असेल, तर मात्र तो नुसता कागद नसतो. तो प्रोग्राम असतो. तो उघडला की संगणकाला हुकूम मिळतो आणि संगणक तो हुकूम पाळतो.

आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. दिल्ली दरवाजा दिल्लीच्या दिशेला आहे. पैठण दरवाजा पैठणच्या वाटेवर आहे. दरवाजाचे नाव वाचले की वाट कोठे जाते, हे प्रवाशाला कळत असे. कोणी रातोरात या दरवाजांच्या पाट्या बदलल्या, तर काय होईल? पैठणला निघालेला प्रवासी भलतीकडेच जाईल. फाइलींच्या बाबतीत असा खोडसाळपणा अनेकदा केला जातो.

४ मे २००० रोजी जगभर असाच गोंधळ उडाला. लोकांना ई-मेलने एक प्रेमपत्र आले. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' असे दिसत होते. 'टीएक्सटी' म्हणजे साधा मजकूर. त्यात भिण्यासारखे काय असणार, असे लोकांना वाटले. पण त्या नावापुढे आणखी एक टिंब होते आणि 'व्हीबीएस' हे खरे आडनाव होते. तो प्रोग्राम होता. विंडोज ही संगणकप्रणाली ओळखीची आडनावे लपवून ठेवते. त्यामुळे शेवटचे आडनाव अनेकांना दिसलेच नाही. लोकांनी पत्र उघडले. त्या प्रोग्रामने त्यांची छायाचित्रे नष्ट केली आणि त्यांच्या यादीतील सर्व परिचितांना तेच पत्र पाठवले. फिलिपाइन्स देशातून निघालेले हे पत्र थोड्याच दिवसांत लाखो संगणकांत पोहोचले. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

म्हणून पहिले काम हे, की लपवलेली आडनावे उघड करावीत. विंडोजमध्ये फाइली पाहण्याच्या खिडकीत 'व्ह्यू' नावाची यादी असते. तिच्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असे लिहिलेले असते. त्यावर खूण केली की प्रत्येक फाइलीचे पूर्ण नाव दिसू लागते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. २००१ साली एक ई-मेल सर्वत्र फिरू लागला. 'सल्फएनबीके' नावाची फाइल तुमच्या संगणकात असेल, तर ती व्हायरस आहे. ताबडतोब पुसून टाका आणि सर्व मित्रांना कळवा, असे त्यात लिहिले होते. लोकांनी शोध घेतला. ती फाइल खरोखरच सापडली! लोक घाबरले. त्यांनी ती पुसली आणि मित्रांनाही तसेच करायला सांगितले. वास्तविक ती विंडोज ९८ या प्रणालीचीच फाइल होती. फाइलींची लांब नावे बिघडली, तर ती नावे दुरुस्त करण्याच्या कामी ती येत असे. २००२ साली आणखी एका फाइलीवर असाच आळ आला. तिचे चित्र छोट्या अस्वलाचे होते. त्या चित्रामुळे लोकांचा संशय अधिकच वाढला. तीही विंडोजची निरुपद्रवी फाइल निघाली.

या दोन्ही फाइली रोजच्या कामाच्या नव्हत्या, म्हणून फारसे बिघडले नाही. पण या घटनांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे व्हायरस कोठेच नव्हता. अफवा हाच व्हायरस होता. तो लोकांनी आपल्या हातांनी पसरवला.

संगणकात आपण न ठेवलेल्या हजारो फाइली असतात. त्या का असतात, हे समजण्यासाठी आपल्या शहराची जुनी नहर आठवा. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. रस्त्याने चालणाऱ्याला ती दिसत नसे. पण तिच्यामुळे शहराची तहान भागत असे. पाणचक्कीलाही असेच दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलेले आहे. अंगण खणताना एखाद्याला असा नळ लागला आणि "हा कसला नळ? मी तर बसवला नाही," असे म्हणून त्याने तो फोडला, तर पाणी कोणाचे बंद होईल? त्याचे आणि शेजाऱ्यांचेही. संगणकाच्या आत, विशेषतः 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या नावांच्या कप्प्यांत, असे अनेक नळ असतात. तेथील फाइल आपल्या ओळखीची नाही, एवढ्याच कारणाने तिला हात लावू नये.

एका घरातील संवाद

आता एक कल्पित प्रसंग पाहू. समजा, आपल्या शहरातील एका घरी एकच संगणक आहे. अब्बांचे हिमरू शालींचे छोटे दुकान आहे. दुकानाचा हिशेब त्या संगणकात आहे. आपा महाविद्यालयात शिकते. धाकटा भाऊ आठवीत आहे. एका संध्याकाळी तो संगणकासमोर बसला आहे.

भाऊ : आपा, संगणक फार हळू चालतो आहे. यात जागाच उरलेली नाही. या निरुपयोगी फाइली मी पुसून टाकू का?

आपा : थांब जरा! त्या निरुपयोगी आहेत, हे तू कसे ठरवलेस?

भाऊ : यातली एकही फाइल मी ठेवलेली नाही. ही बघ, केवढी मोठी आहे! हिचे नाव 'पेजफाइल' आहे. मी लपलेल्या फाइली दाखवायला सांगितले, तेव्हा ही सापडली. लपून बसली आहे, म्हणजे नक्कीच चोर असणार!

आपा : लपलेला प्रत्येक जण चोर नसतो. ती विंडोजची फाइल आहे. संगणकाची काम करण्याची जागा कमी पडली, की तो काही माहिती तात्पुरती तिच्यात ठेवतो. तिला हात लावू नकोस.

भाऊ : बरे, मग ही पाहा. 'डीजे१'! कोणीतरी डीजेची गाणी भरून ठेवली आहेत. ती उघडतसुद्धा नाहीत. ही तरी पुसू?

आपा : तिचे आडनाव काय आहे?

भाऊ : आयएनपी. असे कधी पाहिले नाही.

आपा : अरे, ती इनपेजची फाइल आहे. इनपेज म्हणजे उर्दू लिहिण्याचा प्रोग्राम. तो या संगणकावर आता नाही, म्हणून ती उघडत नाही. तारीख पाहा बरे.

भाऊ : नऊ वर्षांपूर्वीची आहे.

आपा : त्या वर्षी फुफी आपल्याकडे राहायला आल्या होत्या. दादाजान घराण्याच्या जुन्या हकिकती सांगत आणि फुफी त्या संगणकावर लिहून घेत. 'डीजे' म्हणजे गाणी नव्हेत रे! 'डीजे' म्हणजे दादाजान.

भाऊ : (थोडा वेळ गप्प राहून) याची दुसरी प्रत कोणाकडे आहे का?

आपा : माझ्या माहितीत तरी नाही. दादाजान आता नाहीत. ही फाइल गेली असती, तर त्या हकिकती पुन्हा कोणी सांगितल्या असत्या?

भाऊ : आपा, आधी हिची दुसरी प्रत करू या.

आपा : शाब्बास! अशी फाइल उघडली नाही, तर ती खराब आहे असे समजू नये. तिची किल्ली आपल्याकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या मराठी फाइलींचेही असेच होते. त्यांचा फॉन्ट संगणकात नसला, तर मराठी मजकुराऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. फॉन्ट बसवला की मजकूर पुन्हा वाचता येतो.

भाऊ : आणि या बारीक बारीक फाइली? यांचे आडनाव 'सीएचके' आहे.

आपा : संगणक चालू असताना अचानक वीज गेली, की काही फाइली अर्धवट राहतात. पुढे संगणक तपासणी करतो आणि सापडलेले तुकडे या नावाने ठेवतो. घरात कोणाचे काही हरवलेले नसेल, तर सगळ्यांना विचारून त्या पुसता येतील. पण अब्बांना विचारल्याशिवाय नको. दुकानाच्या उधारीचा एखादा कागद त्यात असायचा.

भाऊ : ही शेवटची. 'मॅरेज कार्ड, पीडीएफ.' कोणाच्या लग्नाची पत्रिका आहे. ही उघडून पाहू? चित्र तर पीडीएफचेच आहे.

आपा : चित्रावर जाऊ नकोस. पूर्ण नाव वाच.

भाऊ : मॅरेज कार्ड, टिंब, पीडीएफ, टिंब... ईएक्सई!

आपा : सापडला की नाही खरा चोर? लग्नाच्या पत्रिकेला प्रोग्राम कशाला व्हावे लागते? हिला उघडायचे नाही. आधी अँटिव्हायरसने तपासू.

या संवादात भावाला चार प्रकारच्या अनोळखी फाइली सापडल्या. त्यांतील तीन प्रकारच्या पुसायला तो निघाला होता आणि एक उघडायला. जी उघडायला निघाला, तीच घातक होती!

पाच प्रश्न

आपाने जे केले, ते कोणालाही करता येईल. अनोळखी फाइल दिसली की पुढील पाच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी फाइल उघडावी लागत नाही. तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि 'प्रॉपर्टीज' निवडावे. बहुतेक माहिती तेथे मिळते.

पहिला प्रश्न : हिचे पूर्ण नाव काय? शेवटचे आडनाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका फाइलीला दोन आडनावे दिसली, तर सावध व्हावे.

दुसरा प्रश्न : ही कोठे राहते? विंडोजच्या कप्प्यातील फाइल बहुधा यंत्राच्या कामाची असते. छायाचित्रांच्या कप्प्यात अचानक एखादा प्रोग्राम दिसला, तर ते संशयास्पद आहे.

तिसरा प्रश्न : ही कधी आली? तारीख आणि वेळ पाहून त्या दिवशी काय झाले होते, ते आठवावे. कोणी नवा प्रोग्राम बसवला होता का? कोणाचा पेनड्राइव्ह लावला होता का?

चौथा प्रश्न : ही केवढी आहे? ज्या फाइलीला चित्रपट म्हणतात, ती एखाद्या छायाचित्राहून लहान असेल, तर काहीतरी खोट आहे.

पाचवा प्रश्न : ही कोणाची आहे? हा प्रश्न संगणकाला नव्हे, तर घरातल्या माणसांना विचारायचा आहे. आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

काही फाइली वारंवार भेटतात. 'थम्ब्स डॉट डीबी' या फाइलीत छायाचित्रांची छोटी रूपे साठवलेली असतात. 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' या फाइलीत कप्पा कसा दिसावा, याची नोंद असते. वर्डमध्ये मजकूर लिहीत असताना डॉलरच्या चिन्हाची एक लहानशी फाइल शेजारी दिसते. मजकूर बंद केला की ती आपोआप नाहीशी होते. या फाइलींना भिण्याचे कारण नाही.

पाचही प्रश्न विचारून संशय उरला, तर अँटिव्हायरसने तपासणी करावी. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत असा पहारेकरी आधीपासूनच असतो. इंटरनेटवर 'व्हायरसटोटल' नावाची सेवा आहे. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेत एकच फाइल अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी तपासतात. मात्र घरचे खासगी कागद तेथे पाठवू नयेत, कारण पाठवलेली फाइल इतर तपासनिसांनाही मिळू शकते. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. संगणक स्वच्छ करण्याची साधने ते विनामूल्य देते.

फाइल पुसायचीच असेल, तर ती आधी 'रीसायकल बिन'मध्ये जाऊ द्यावी. ती टोपली लगेच रिकामी करू नये. काही दिवस वाट पाहावी. कोणाची काही तक्रार आली, तर फाइल परत आणता येते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र बहुधा त्या टोपलीत जात नाही. म्हणून तेथे अधिक जपावे.

पाहुणा येतो कोठून?

पूर्वी पुष्कळ व्हायरस पेनड्राइव्हमधून येत. झेरॉक्सच्या किंवा टंकलेखनाच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, की त्यात 'न्यू फोल्डर' नावाचे एक पिवळे चित्र दिसू लागे. ते कप्प्यासारखे दिसे. पण त्याचे आडनाव 'ईएक्सई' असे. कप्पा समजून कोणी त्यावर दोनदा टिचकी मारली, की व्हायरस संगणकात शिरे. कप्प्याला आडनाव नसते, एवढे ज्याला ठाऊक होते, तो वाचला. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह आधी तपासून मगच उघडावा, हा नियम आजही लागू आहे.

कधी कधी आपल्याच फाइली अनोळखी होतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइलींना जणू कुलूप लावले. फाइलींची आडनावे बदलली. कुलूप उघडण्यासाठी ३०० डॉलर मागितले. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांची कामे अडली. या प्रोग्रामला शिरण्यासाठी कोणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधील एका फटीतून तो शिरत होता. ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवून घेतली होती, त्यांच्या संगणकाचे दार त्याला बंद होते. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, अशाच एका हल्ल्यामुळे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणून संगणक दुरुस्ती बसवण्याची परवानगी मागतो, तेव्हा ते काम टाळू नये.

आता संगणकाची जागा पुष्कळदा मोबाइलने घेतली आहे. पाहुणाही तेथे पोहोचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठवाड्यातीलच हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण आले. पत्रिका म्हणून आलेली फाइल वास्तविक 'एपीके' होती. 'एपीके' म्हणजे मोबाइलवर बसवायचा प्रोग्राम. ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नाचे आमंत्रण आपण आनंदाने उघडतो. फसवणारे त्या आनंदाचाच फायदा घेतात.

चूक झालीच तर

समजा, आपल्या हातून अशी फाइल उघडली गेली. मग काय करावे? सर्वप्रथम इंटरनेट बंद करावे. त्या संगणकावर किंवा मोबाइलवर बँकेचा कोणताही गुप्त शब्द टाइप करू नये. घरातील मोठ्यांना लगेच सांगावे. रागावतील या भीतीने गोष्ट लपवू नये. लपवलेल्या प्रत्येक तासाचा फायदा चोराला होतो. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा आणि बँकेलाही कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता अधिक. मोठ्यांनीही अशा वेळी मुलांवर ओरडू नये. ज्या घरात मुले न भिता चूक सांगतात, तेथे नुकसान लवकर थांबते.

आणखी एक गोष्ट. घरातील संगणक सर्वांचा असला, तरी त्यातील प्रत्येक फाइल सर्वांची नसते. अनोळखी फाइल कोणाचे पत्र असेल, कोणाचा दवाखान्याचा कागद असेल. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट आपण फोडत नाही. तोच शिष्टाचार येथेही पाळावा. प्रत्येकाने आपापला कप्पा करावा. फाइलीला समजेल असे नाव द्यावे. फुफींनी 'डीजे१' ऐवजी 'दादाजान यांच्या आठवणी' असे नाव दिले असते, तर एवढी शोधाशोध करावी लागली नसती. आणि महत्त्वाच्या फाइलीच्या दोन प्रती तरी ठेवाव्यात. त्यांपैकी एक प्रत त्या संगणकाबाहेर असावी.

अनोळखी असणे हा गुन्हा नव्हे. आज अनोळखी वाटणारी वस्तू उद्या मोलाची ठरू शकते, आणि ओळखीचा चेहरा लावून आलेली वस्तू घात करू शकते. दोन्हींतील फरक चौकशीनेच कळतो. ती चौकशी करायला पाच मिनिटे लागतात. दादाजानांच्या हकिकती वाचवायला तेवढीच पुरेशी झाली.

शब्दार्थ

उतावीळपणा – घाई, अधीरता
कुतूहल – जाणून घेण्याची इच्छा
दप्तर – कागदपत्रे ठेवण्याची जागा
खोडसाळपणा – त्रास देण्यासाठी मुद्दाम केलेली खोडी
आळ येणे – खोटा आरोप होणे
निरुपद्रवी – त्रास न देणारा
कल्पित – मनाने रचलेले
हकिकत – घडलेली गोष्ट
उधारी – नंतर मिळायचे पैसे
खोट – दोष, लबाडी
टिचकी मारणे – (येथे अर्थ) माउसचे बटण दाबणे
विस्कळीत होणे – घडी बिघडणे
शिष्टाचार – चांगली वागण्याची रीत

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) फाइलीचे 'आडनाव' कोणत्या गोष्टीवरून ओळखतात?
(२) २००० साली आलेल्या प्रेमपत्राचे खरे आडनाव काय होते?
(३) आपाने 'डीजे१' या नावाचा कोणता अर्थ सांगितला?
(४) पैसे गेल्यास कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावा?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) संगणकातील फाइलींना जमिनीखालच्या नहरीची उपमा का दिली आहे?
(२) 'अफवा हाच व्हायरस होता,' असे लेखात का म्हटले आहे?
(३) इनपेजची फाइल त्या घरातील संगणकावर का उघडत नव्हती?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(१) "लपलेला प्रत्येक जण चोर नसतो."
(२) "आधी हिची दुसरी प्रत करू या."

प्र. ४. पुढील म्हणींचा अर्थ सांगा आणि पाठातील कोणत्या घटनेला त्या लागू पडतात, ते लिहा.
(१) दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.
(२) चोर सोडून संन्याशाला फाशी.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
अनोळखी, मोठी, संशय, चालू, निरुपयोगी

प्र. ६. भाषाभ्यास : पुढील मराठी शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दू उच्चार आणि अर्थ मराठीशी ताडून पाहा. ज्यांच्या उच्चारात किंवा अर्थात फरक आढळेल, त्यांची यादी करा.
दरवाजा, दप्तर, हिशेब, कागद, हकिकत, तारीख, अफवा, नुकसान, हुकूम

उपक्रम : घरातील मोठ्यांच्या परवानगीने संगणकातील किंवा मोबाइलमधील तीन अनोळखी फाइली निवडा. त्या न उघडता पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.